जाळें बदलण्यापूर्वीं : खोडदच्या दुर्बिणीपासून मंडळीच्या कचेरीस धडा

शास्त्रपाठ : नहेम्या २:११–१८, ४:१५–२३, लूक १४:२८–३०.

ज्या मंडळीची सारी कचेरी पूर्वीं एका लांकडी पेटींत मावत असे, तिच्या कचेरींत आज दोन-चार संगणक, एक छपाईचें यंत्र आणि भिंतीवर लुकलुकणारी एक लहान पेटी असते. वर्गणीचा हिशेब, बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदींच्या प्रती, वसतिगृहांतील मुलांची यादी, पाळकांचा पत्रव्यवहार, हें सर्व त्या यंत्रांतून जातें. हीं यंत्रें तारेनें किंवा वायफायनें एकमेकांस जोडलेलीं असतात, आणि त्या जोडणीस जाळें म्हणतात. कांहीं वर्षांनीं जाळें जुनें होतें, काम मंद चालतें, आणि पंचकमिटीच्या सभेंत कोणी तरी म्हणतो, "नवें घेऊं या." येथपर्यंत ठीक आहे. परंतु नवें म्हणजे नेमकें काय घ्यावें, केव्हां घ्यावें, आणि जुनें काढून नवें बसवितांना मध्यंतरीं कचेरीचें काम कसें चालावें, याचा विचार फार थोड्या ठिकाणीं होतो. आजचा धडा त्या विचाराविषयीं आहे.

हें केवळ यंत्रांचें काम आहे असें कोणीं समजूं नये. एखादी विधवा भगिनी आपल्या विवाहाचा दाखला मागावयास येते. त्या दाखल्यावर तिचें निवृत्तिवेतन अवलंबून असतें. नोंद सांपडली नाहीं तर तिला रिकाम्या हातीं परत जावें लागतें. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानें विवाहाची नोंद ठेवण्याचें काम आपल्यावर सोंपविलें आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीं नोंदलेल्या संस्थेस आपले हिशेब दर वर्षीं तपासून घ्यावे लागतात. शिवाय दानाच्या पेटींत पडलेला पैसा पुष्कळदां मजुरी करणाऱ्याच्या घामाचा असतो. त्या पैशानें निरुपयोगी यंत्र विकत घेणें, किंवा घाईनें काम करून चाळीस वर्षांच्या नोंदी पुसून टाकणें, हा कारभाऱ्यांचा मोठा दोष होय.

खोडद येथील उदाहरण

या विषयाचा उत्तम नमुना शोधावयास आपणांस परदेशीं जावयास नको. पुण्याच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ खोडद हें गांव आहे. तेथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची मोठी दुर्बीण आहे. तिला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणतात. ही दुर्बीण डोळ्यांस दिसणारा प्रकाश पाहत नाहीं. आकाशांतून येणाऱ्या रेडिओ लहरी ती गोळा करते. तिच्या ३० तबकड्या आहेत व प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकीं १४ तबकड्या मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटर जागेंत असून बाकीच्या १६ तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमध्यें सुमारें २५ किलोमीटर अंतर पडतें. ही दुर्बीण उभारण्यांत प्रोफेसर गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे प्रमुख होते. तबकड्या भरीव पत्र्याच्या न करितां ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी बसवून त्यांनीं त्या हलक्या व स्वस्त केल्या. २००२ सालापासून ही दुर्बीण जगांतील सर्व देशांच्या शास्त्रज्ञांस उपयोगासाठीं खुली झाली.

परंतु या दुर्बिणीचें मर्म तबकड्यांत नसून जोडणींत आहे. एकटी तबकडी फार थोडें जाणते. तीसही तबकड्यांनीं ऐकलेलें ऑप्टिकल फायबरच्या तारांतून मध्यवर्ती इमारतींत येतें, तेथें संगणक तें एकत्र जुळवितात, आणि मग त्या सर्व मिळून एक विशाल कान बनतात. म्हणजे खोडदची दुर्बीण हेंच एक मोठें जाळें आहे, आणि तें जाळेंही एके दिवशीं जुनें झालें.

जुन्या व्यवस्थेंत एका वेळीं फार तर ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकूं येत असे. २०१० नंतरच्या दशकांत तेथील मंडळींनीं ती व्यवस्था सुधारण्याचें काम हातीं घेतलें. आतां एका वेळीं ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदीचा पट्टा ऐकूं येतो, म्हणजे पूर्वीच्या साडेबारा पट. २०१६ पासून ही नवी व्यवस्था टप्प्याटप्प्यानें शास्त्रज्ञांच्या हातीं देण्यांत आली व २०१८–१९ च्या सुमारास काम पुरें झालें. या अवधींत दुर्बीण वर्षानुवर्षें बंद ठेविली नाहीं. जुनी व्यवस्था चालू ठेवून तिच्या शेजारीं नवी उभी केली. त्याच काळांत, १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं, युरोपियन अंतराळ संस्थेचें श्यापरेली नांवाचें यान मंगळावर उतरत असतां त्याचा अत्यंत क्षीण आवाज खोडद येथें ऐकूं आला. यान सुखरूप उतरलें नाहीं, परंतु त्याचा शेवटचा प्रवास ऐकणारा कान त्या दिवशीं जागा होता. सुधारणेसाठीं तो बंद ठेविला असता तर ती वेळ पुनः आली नसती.

आतां या उदाहरणापासून आपल्या कचेरीसाठीं कोणते धडे घ्यावे तें क्रमानें पाहूं.

१. प्रथम असेल तें पाहावें

यरुशलेमेस पोहोंचल्यावर नहेम्यानें लागलीच दगड-चुना मागविला नाहीं. तीन दिवसांनंतर तो थोडीं माणसें घेऊन रात्रीं निघाला, पडक्या तटाभोंवतीं फिरला, आणि पाहणी पुरी झाल्यावर मगच लोकांशीं बोलला. खोडद येथेंही तबकड्यांपर्यंत घातलेले ऑप्टिकल फायबर उपयोगी होते. ते उखडून फेंकून दिले नाहींत. त्याच तंतूंतून निराळ्या रंगाचा, म्हणजे निराळ्या तरंगलांबीचा प्रकाश सोडून नवा संदेश नेला, आणि जुना संदेशही त्यांतूनच चालू ठेविला.

तसेंच आपणही करावें. एका कागदावर कचेरीचा नकाशा काढावा. कोणता संगणक कोठें आहे, तो कोणत्या सालीं घेतला, त्यांत कोणती प्रणाली आहे, तार कोठून कोठें जाते, छपाईचें यंत्र कोण वापरतें, पासवर्ड कोणाजवळ आहेत, हें सर्व लिहावें. पाहणी केल्यावर पुष्कळदां असें आढळतें कीं, भिंतींतील तार चांगली आहे, केवळ मधला स्विच जुना आहे. कॅट ५ई जातीची चांगली तार १०० मीटर अंतरापर्यंत सेकंदास १००० मेगाबिट माहिती नेऊं शकते. अशी तार असेल तर ती बदलण्यांत पैसा घालूं नये. उलट ज्या संगणकांत अद्याप विंडोज १० आहे, त्यांकडे अगोदर लक्ष द्यावें; कारण त्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि तेव्हांपासून तिच्यांतील नव्या छिद्रांस नेहमींप्रमाणें ठिगळें मिळत नाहींत.

२. अरुंद तोंड शोधावें

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील वाचकांस कुकडीच्या कालव्याचें पाणी ठाऊक आहे. कालवा तुडुंब भरलेला असला तरी शेतांत जाणाऱ्या दांडाचें तोंड अरुंद असेल तर बारें संपेपर्यंत अर्धें शेत कोरडें राहतें. तेथें कालवा रुंद करून काय उपयोग? जाळ्याचेंही तसेंच आहे.

एक हिशेब करून पाहूं. समजा, मंडळीचीं दहा जुनीं रजिस्टरें असून प्रत्येकाचीं ४०० पानें आहेत, आणि प्रत्येक पानाचें चित्र ३ मेगाबाइट होतें. एकूण ४००० पानें, म्हणजे १२,००० मेगाबाइट. एका बाइटचे ८ बिट, म्हणून हें ओझें ९६,००० मेगाबिट झालें. कचेरींतील स्विच सेकंदास १०० मेगाबिट नेणारा असेल तर हें काम ९६० सेकंदांत, म्हणजे १६ मिनिटांत होतें. स्विच १००० मेगाबिटचा असेल तर दोन मिनिटेंही लागत नाहींत. परंतु हींच चित्रें बाहेर दूरच्या ठिकाणीं पाठवावयाचीं असून बाहेर जाणारी वाट सेकंदास १० मेगाबिटचीच असेल, तर ९६०० सेकंद, म्हणजे २ तास ४० मिनिटें लागतात. प्रत्यक्षांत यापेक्षां थोडा अधिकच वेळ लागतो. आतां जर कचेरीची तक्रार बाहेर पाठविण्याच्या वेळाविषयीं असेल, तर घरांतील स्विच बदलून ती दूर होणार नाहीं. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं विचारावें : आमचें काम नेमकें कोठें अडतें?

३. जुनें चालू ठेवून नवें उभारावें

खोडदच्या लोकांनीं नवी व्यवस्था एकदम सर्व तबकड्यांस लाविली नाहीं. आरंभीं थोड्यांस लाविली, पारखली, मग पुढें गेले. मंडळीच्या कचेरींतही एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. प्रथम एक संगणक नव्या स्विचास जोडून आठ दिवस पाहावें. छपाई होते काय, हिशेबाचें पुस्तक उघडतें काय, पाळकांचीं पत्रें येतात काय, हें रोज लिहून ठेवावें. सर्व ठीक चाललें म्हणजे दुसरा संगणक जोडावा. कांहीं बिघडल्यास त्याच दिवशीं जुन्या जोडणीवर परत येतां यावें म्हणून जुनीं यंत्रें निदान एक महिना जपून ठेवावीं.

वेळही विचारानें निवडावी. नाताळाच्या व पुनरुत्थानाच्या सणांच्या आठवड्यांत, मार्चअखेरीस हिशेब मिटवितांना, किंवा शाळेचे प्रवेश चालू असतांना हें काम काढूं नये. पावसाळ्यांतही शक्य तों टाळावें. त्या दिवसांत वीज वारंवार जाते आणि भिंती ओल्या असतात.

४. विजेपासून रक्षण

एका इमारतींतून दुसऱ्या इमारतींत, जसें मंदिरांतून पाळकांच्या बंगल्यांत, जाळें न्यावयाचें असेल तर तांब्याची तार उघड्यावरून ओढूं नये. जवळपास वीज पडली असतां तांब्याच्या तारेंतून तिचा धक्का दोन्हीं टोकांच्या यंत्रांपर्यंत पोहोंचतो. ऑप्टिकल फायबर कांचेचा असतो व त्यांतून प्रकाश जातो. तो विजेचा वाहक नव्हे. त्याच्या बाहेरील आवरणांतही धातूचा तंतू नसावा, हें मात्र घेतांना विचारून घ्यावें. शंभर मीटरहून अधिक अंतर असल्यासही फायबरच योग्य. कचेरींतील मुख्य यंत्रांस यूपीएस असावें, म्हणजे दिवे गेल्यावर चालू लिखाण जतन करून यंत्र नीट बंद करतां येतें. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे इमारतीचें अर्थिंग. तें जाणत्या वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय नव्या यंत्रास हात लावूं नये.

५. एका हातीं काम, दुसऱ्या हातीं शस्त्र

नहेम्याच्या पुस्तकाच्या ४ थ्या अध्यायांत बांधकाम व पहारा हीं दोन्हीं कामें एकाच वेळीं चाललेलीं दिसतात. जाळें बांधणारानेंही पहारा मागाहून बसवूं म्हणूं नये. कचेरीचें वायफाय व पाहुण्यांचें वायफाय निराळें असावें. सभेस आलेल्या तरुणांस कचेरीचा पासवर्ड सांगूं नये. प्रत्येक सेवकाचें खातें वेगळें असावें, आणि सेवक बदलून गेला म्हणजे त्याचें खातें त्याच दिवशीं बंद करावें. राउटर विकत आणला तेव्हां त्यांत असलेला मूळ पासवर्ड प्रथम बदलावा. सभासदांची माहिती ही त्यांची ठेव आहे. डिजिटल स्वरूपांतील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ सालीं झाला आहे. म्हणून कोणाचा आजार, कोणाचें दान, कोणाचा पत्ता हें वाटेल त्यानें उघडून पाहावें अशी व्यवस्था नसावी.

रक्षणाचा दुसरा भाग म्हणजे प्रती ठेवणें. यासाठीं सोपा नियम आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं. एक प्रत संगणकांत, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दूरच्या ठिकाणीं असली म्हणजे चोरी, आग व पूर यांतून निदान एक तरी वांचते. प्रत केली एवढ्यावर समाधान मानूं नये. दर तीन महिन्यांनीं एखादी नोंद त्या प्रतीवरून परत उघडून पाहावी. जी प्रत उघडत नाहीं ती प्रतच नव्हे. आणि जाळें बदलण्यास आरंभ करण्यापूर्वीं अशी प्रत घेऊन ती उघडून पाहिलीच पाहिजे. कागदाचीं मूळ रजिस्टरें मात्र कधींही टाकूं नयेत. सह्या त्यांवर आहेत, आणि संगणकांतील चित्र हें त्यांचें साहाय्यक आहे.

६. शेजाऱ्याचा विचार

खोडदच्या आसपासच्या गांवांतील वाचकांस एक विशेष सूचना आहे. दुर्बीण ज्या लहरी ऐकते त्या अतिशय क्षीण असतात. सदोष विजेचें उपकरण, ठिणग्या पाडणारी जोडणी, किंवा हलक्या दर्जाचा चार्जर यांतून निघणारा रेडिओ गोंगाट त्या लहरींस झांकून टाकूं शकतो. स्वतः दुर्बिणीच्या कचेरींतील संगणकही गोंगाट करितात, म्हणून त्यांस धातूनें मढविलेल्या खोल्यांत ठेविलें आहे. नव्या पुणें–नाशिक लोहमार्गाची आंखणीही या दुर्बिणीजवळून जात असल्यामुळें हरकत निघाली व २०२४ सालीं तिचा फेरविचार करावा लागला. तेव्हां त्या भागांतील मंडळीनें शक्य तेथें वायफायपेक्षां तारेची जोडणी पसंत करावी, चांगल्या दर्जाचीं यंत्रें घ्यावीं, आणि छपरावर बिनतारी मनोरा उभारण्यापूर्वीं दुर्बिणीच्या अधिकाऱ्यांस विचारावें. यांत आपलें नुकसान कांहीं नाहीं. तारेची जोडणी बहुधा अधिक स्थिर चालते, आणि शेजाऱ्याचें कामही बिघडत नाहीं. २०२३ सालीं भारतीय व जपानी शास्त्रज्ञांच्या गटानें याच दुर्बिणीच्या आधारें, युरोपांतील गटाबरोबर, विश्वांतील अतिमंद गुरुत्वलहरींच्या खुणा प्रसिद्ध केल्या. आपल्या शिवारांत असें काम चालतें, त्याला आपल्या कचेरीनें अडथळा करूं नये.

७. खर्चाचा हिशेब

बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्च मोजणाऱ्या मनुष्याचा दाखला आपणांस परिचित आहे. जाळ्याचा खर्च यंत्रांच्या किंमतीनें संपत नाहीं. तारा व मजुरी, इंटरनेटची वार्षिक वर्गणी, प्रणालींचे परवाने, यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि सेवकांस शिकविण्याचा वेळ, हीं सर्व कलमें निरनिराळीं लिहावीं. किमान तीन ठिकाणांहून दरपत्रकें मागवावीं, आणि तीं एकाच यादीवर मागवावीं, म्हणजे तुलना खरी होते. समजा, एकंदर खर्च १,२०,००० रुपये असून हें सामान सहा वर्षें चालेल. तर दर वर्षीं २०,००० रुपये पुढील बदलासाठीं बाजूस काढावे. असें केल्यास सातव्या वर्षीं पुनः झोळी फिरवावी लागत नाहीं. खर्च आवांक्याबाहेर असेल तर काम दोन वर्षांत वांटावें. परंतु प्रतींची व्यवस्था व अर्थिंग हीं पहिल्याच वर्षीं करावीं.

शेवटीं माणसांविषयीं. यरुशलेमेचा तट ५२ दिवसांत पुरा झाला, कारण पुष्कळांनीं आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. आपल्या कचेरींतही सारें ज्ञान एकाच तरुणाच्या डोक्यांत असूं नये. तो नोकरीसाठीं पुण्यास गेला कीं जाळें मुकें होतें. निदान दोघांस सर्व ठाऊक असावें. नकाशा, यंत्रांची यादी व दुरुस्ती करणाराचा पत्ता चिटणिसाच्या वहींत असावा, आणि मुख्य पासवर्ड पाकिटांत बंद करून खजिनदाराच्या कपाटांत ठेवावे. काम संपल्यावर काय बदललें व कां बदललें हेंही त्या वहींत लिहावें. पुढें येणारे सेवक त्याबद्दल आभार मानतील.

उपदेशकांनीं पंचकमिटीस विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या कचेरीच्या जाळ्याचा नकाशा आज कोणाजवळ आहे?

२. काम मंद चालतें तें नेमकें कोठें? आंतील जोडणींत, संगणकांत, कीं बाहेरच्या वाटेंत?

३. आज रात्रीं कचेरीस आग लागली तर विवाहाच्या नोंदींची कोणती प्रत उरेल, आणि ती उघडून पाहिल्यास किती दिवस झाले?

४. नवें यंत्र पहिल्या दिवशीं बिघडलें तर जुन्यावर परत कसें यावें, हें ठरलें आहे काय?

५. सहा वर्षांनंतरच्या बदलासाठीं या वर्षीं किती रक्कम बाजूस काढली?

६. जाळें सांभाळणारी दुसरी व्यक्ति कोण?

या सहा प्रश्नांचीं उत्तरें सभेच्या वहींत लिहून होईपर्यंत कोणत्याही दुकानदारास आगाऊ रक्कम देऊं नये.